पोळी सोडली, पण पिठाचा कण सोडत नाही

प्रश्न थोडक्यात असा आलाय: वय ३६, राहणं गोरेगावला, नोकरी चर्चगेटला. पाच महिन्यांपूर्वी एंडोस्कोपी होऊन सिलिअॅक निघालं (गव्हा-जवातलं ग्लुटेन नावाचं प्रोटीन पोटात गेलं की आतड्याचं अस्तर झिजतं तो आजार), डॉक्टरांनी गहू बंद आणि दूधही बंद असं सांगितलं. वजन दोन किलो वाढलंय पण पोट अजून फुगतं, मधूनच जुलाब होतात, भात खाऊन खाऊन वीट आलाय. घरात सासूबाई, नवरा, आठ वर्षांची मुलगी, त्यांच्या पोळ्या चालूच आहेत. मासे खातो पण सोमवार-गुरुवार नाही. गणपतीत सासरी काय करू, बाहेर काही खाता येईल का, दूध कायमचं गेलं का, आणि आता मुलीचाही गहू बंद करावा का?

ताई, मी दादरला २२ वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून बसतेय आणि सिलिअॅकचं नवीन माणूस आलं की पहिला प्रश्न हाच असतो, मॅडम आता खाऊ काय. खरं सांगू का, मराठी घरात त्याचं उत्तर अर्ध्या तासात मिळतं. भाकरी आपली, भात आपला, घावन आपलं, आंबोळी आपली, थालीपीठ, पिठलं, माशाचं कालवण, सोलकढी, उकडीचे मोदक, सगळं घरातलंच आहे, कुठून परदेशातून मागवायचं नाहीये. अडतं ते दुसरीकडेच. पोळी ताटातून गेली तरी गहू घरातून जात नाही. तो हिंगात असतो, गिरणीत असतो, पोळपाटाच्या भेगेत असतो. तुम्ही पाच महिने पोळीला हात लावला नाहीत आणि तरी पोट फुगतंय म्हटल्यावर मला पहिला संशय त्याचाच येतो.

त्याआधी थोडा धीर. पाच महिने म्हणजे फार नाहीत. मोठ्या माणसाचं आतड्याचं अस्तर भरून यायला वर्ष-दोन वर्षंही लागतात. टीटीजीचा, म्हणजे सिलिअॅकच्या रक्ततपासणीचा, आकडा एव्हाना उतरायला लागलेला असायला हवा, पण नॉर्मलच यायला हवा असं काही नाही. वजन वाढलंय ही चांगली खूण आहे. उलट वजन घटायला लागलं, शौचातून रक्त गेलं, रात्री झोपेतून उठून जुलाबाला जावं लागलं तर माझ्यासारखीला विचारत बसू नका, सरळ पोटाच्या डॉक्टरांकडे जा.

आता गिरणी. हा भाग मी लांबवणार आहे कारण माझ्याकडच्या निम्म्या केसेस इथेच अडकतात.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई यायच्या, परळच्या, अतिशय शिस्तीच्या. डबा वेगळा, तवा वेगळा, बाहेरचं पाणीसुद्धा पीत नव्हत्या म्हणा ना. वर्ष झालं तरी टीटीजी हलेना. मी त्यांची वही तीनदा वाचली, सकाळी ज्वारीची भाकरी, दुपारी भात, रात्री नाचणीची भाकरी, चूक काही सापडेना. शेवटी एका रविवारी मी म्हटलं चला, तुमच्या गिरणीत जाऊ. गेलो. आमच्या पुढे एका माणसाचा दहा किलो गव्हाचा डबा दळून झाला, गिरणीवाल्याने यांची ज्वारी वरून ओतली, चालू केली आणि सवयीने पीठ पडतं त्या कापडी नळीवर हाताने दोनचार थापा मारल्या. पीठ पडलं. पण पहिलं पडलं ते पिवळसर मऊ पीठ, मग हळूहळू ज्वारीचं पांढरट करडं पीठ यायला लागलं. बाई माझ्याकडे बघायला लागल्या आणि मी डब्याकडे. वर्षभर त्या रोज भाकरीतून गहू खात होत्या आणि गिरणीवाल्याचीही काही चूक नव्हती बिचाऱ्याची, त्याच्या दृष्टीने पीठ ते पीठ.

हिशोब करून दाखवते म्हणजे हे वेड्यासारखं वाटणार नाही. ग्लुटेन फ्री लिहायचं तर एका किलोत २० मिलीग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नको असा आपल्याकडचा एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा, नियम आहे, बाहेरच्या देशांतही बहुतेक हाच आकडा आहे. समजा दगडाच्या फटीत, नळीत मिळून १०० ग्रॅम गव्हाचं पीठ राहिलं आणि ते तुमच्या ५ किलो ज्वारीत मिसळलं. १०० ग्रॅम गव्हाच्या पिठात ढोबळ १० ग्रॅम ग्लुटेन. म्हणजे किलोला २ ग्रॅम, म्हणजे २००० मिलीग्रॅम. नियमाच्या शंभरपट! आणि दुसरा हिशोब, रोज ५० मिलीग्रॅम ग्लुटेन पोटात गेलं तरी सिलिअॅकवाल्याचं आतडं बिघडतं असं अभ्यासात दिसलंय. एका चपातीला ३० ग्रॅम पीठ धरलं तर त्यात ३ ग्रॅम ग्लुटेन, म्हणजे एका चपातीचा साठावा तुकडा. तेवढा तुकडा चिमटीतही नीट येत नाही.

उपाय दोन आहेत. पैसे असतील तर घरची छोटी चक्की घ्या आणि तिच्यात गहू कधीच टाकू नका, सासूबाईंना एक किलो ताजं पीठ हवं असलं तरी नाही, पाहुणे आले तरी नाही. हा खर्च मी बहुतेक घरांना करायला लावते, बिस्किटांवर उडवण्यापेक्षा हा बरा. ते जमत नसेल तर धान्य निवडून, धुऊन, वाळवून घरच्या मिक्सरला दळा, दोन माणसांपुरतं होतं, चाळून घ्यायचं. ते मिक्सरचं भांडं आणि चाळण मात्र फक्त तुमची. गिरणीवाल्याला ‘ज्वारीवर ज्वारी दळा’ सांगणं हा आपला जुना उपाय आहे, तो चवीसाठी ठीक आहे, सिलिअॅकसाठी पुरत नाही. बाजारातलं सुट्टं बेसन, तांदळाचं पीठ, नाचणीचं पीठ यांनाही हेच लागू. डाळ आणून घरी दळलेलं बेसन तेवढं आपलं.

आणि घरी दळलं की एक फायदा आपोआप होतो, पीठ ताजं राहतं. तुम्ही लिहिलंय भाकरी थापताना फुटते म्हणून भातावरच भागवते. अहो ज्वारीचं पीठ शिळं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग भल्या सुगरणीची पण भाकरी फुटते. मुंबईच्या दमट हवेत आठ-दहा दिवसांपुरतंच दळा. बाजरीचं तर त्याहून कमी, ती लवकर कडवट होते. पाणी चांगलं कढत घ्या, आधी चमच्याने कालवा, वाफ जिरली की तळहाताच्या टाचेने मळा, भरपूर मळा, एका भाकरीपुरता गोळा घेऊन मळायचा, सगळं एकदम नाही. तांदळाची असेल तर उकड काढूनच करा, ती लाटतासुद्धा येते. थापता येतच नसेल तर दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये पुरीयंत्रात दाबा, कोणी बघायला येत नाही. एकदा तव्यावर पापुद्रा सुटून भाकरी टम्म फुगली ना की पोळीची आठवण निम्मी होते, निम्मीच म्हणतेय, पूर्ण होते असं खोटं नाही सांगणार.

गिरणीनंतर हिंग. आपल्या पिवळ्या डबीतला हिंग म्हणजे नुसता हिंग नसतो, खरा हिंग फार उग्र म्हणून तो डिंक आणि पिठात घोळून बांधलेला असतो, आणि ते पीठ पुष्कळदा मैदा किंवा गव्हाचं असतं. डबी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. तांदळाच्या पिठातले हिंगही मिळतात आता, ते घ्या, नाहीतर सरळ हिंग सोडा. आमटीला लसूण-जिरं, वालाला ओवा, चव काही मरत नाही. गंमत बघा, पोट फुगतं म्हणून आपण ताकात हिंग घालून देतो आणि सिलिअॅकवाल्याला तोच नडतो. हिंग गेला की त्याच्यामागे तयार सांबार मसाला, लोणचं, पापड, काही ठिकाणचा गोडा मसाला, फरसाण हे सगळं पुन्हा तपासायला लागतं, कारण यातल्या पुष्कळ गोष्टींत हिंग असतोच.

मग ती नावं जी ऐकून गव्हाची वाटतच नाहीत. मेतकूट, त्यात परंपरेनेच थोडे गहू भाजून घालतात. थालीपिठाची भाजणी, घराघरात वेगळी असते पण बऱ्याच घरांत मूठभर गहू असतात आणि विकतच्या भाजणीत तर विचारायलाच नको. कोंबडीवड्यांचं पीठ, तेच. सातूचं पीठ, सातू म्हणजे जव, तोही बाद, शिवाय त्यात गहू असतात ते वेगळेच. माल्ट लिहिलेलं काहीही, मुलांच्या दुधातली पावडर, कॉर्नफ्लेक्स, बिअर, सगळ्यांत जवाचं माल्ट. सोया सॉसमध्ये गहू असतो त्यामुळे गाडीवरचं चायनीज गेलं. ओट्स कागदावर चालतात पण गव्हाबरोबर पिकतात, गव्हाबरोबर भरतात, म्हणून पहिलं वर्ष तरी नकोच. आणि खपली गहू! दर महिन्याला कोणीतरी मला विचारतं मॅडम खपली चालतो ना, त्यात ग्लुटेन कमी असतं. मधुमेहवाल्यांशी खपलीवर गप्पा मारता येतील पण सिलिअॅकला खपली, जोडगहू, बन्सी, सेंद्रिय, देशी, सगळे गहूच. आमच्या नात्यातल्या एका काकांनी खपलीची खीर खाऊन चार दिवस अंथरूण धरलं होतं आणि वर मला सांगत होते की तुझं शास्त्र अपुरं आहे.

विकतच्या भाजणीऐवजी स्वतःची करा. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभराडाळ, उडीदडाळ, धणे, जिरे, सगळं धुऊन वाळवून वेगवेगळं खमंग भाजायचं आणि तुमच्या चक्कीत दळायचं. चकलीच्या भाजणीत तसाही गहू नसतो, म्हणजे दिवाळीला चकली, पोह्यांचा चिवडा, बेसन लाडू, अनारसे हे तुमचं फराळाचं ताट, करंजी-शंकरपाळे बाकीच्यांना. घरचं बेसन मात्र.

स्वयंपाकघरात फार सोवळं-ओवळं करू नका, पण तीन-चार गोष्टी कडक पाळा. लाकडाला गव्हाचं पीठ धरून राहतं म्हणून पोळपाट-लाटणं आणि लाकडी उलथनं तुमचं वेगळं. तवा वेगळा, खासकरून बिडाचा. तळणाचं तेल वेगळं, ज्यात पुरी तळली त्यात तुमचा पापड नाही. चाळण वेगळी. स्टीलची ताटं-वाट्या नीट घासलेल्या सगळ्यांच्या चालतात, त्यावरून घरात भांडू नका. आणि वेळ पाळा: सकाळी आधी तुमची भाकरी, मग ओटा पुसून गव्हाची कणीक. उलटं केलं की मळताना उडालेलं पीठ तुमच्या परातीवर बसतं. सासूबाईंना पटत नसेल तर असं सांगा, उपासाच्या दिवशी आपण साबुदाण्याच्या खिचडीला कांद्याचा चमचा लावतो का? नाही ना, तस्संच. माझ्या अनुभवात हे एक वाक्य तासभराच्या भाषणापेक्षा जास्त काम करतं. ज्यांनी आयुष्यभर सोवळ्यातला स्वयंपाक पाहिलाय त्यांना ‘शिवाशिव’ चटकन कळते, त्यांना ‘क्रॉस कंटॅमिनेशन’ म्हणून काय उपयोग.

आता दूध, आणि इथे मी डॉक्टरांच्या विरुद्ध काही सांगत नाहीये, फक्त जे तीन मिनिटांच्या ओपीडीत सांगायचं राहून जातं ते सांगते. आतड्याच्या अस्तरावर मखमलीसारखे बारीक तंतू असतात, दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं एन्झाइम त्या तंतूंच्या शेंड्यावर असतं. सिलिअॅकमध्ये ते शेंडेच झिजतात, म्हणून दूध पचत नाही, पोट फुगतं, जुलाब होतात. गहू पूर्ण थांबला, तंतू परत आले की बहुतेकांना दूध हळूहळू पचायला लागतं. म्हणजे गहू गेला तो जन्मभरासाठी, दूध बहुतेक वेळा काही महिन्यांसाठी. तुम्हाला दोन्ही एकाच चिठ्ठीवर लिहून मिळालं म्हणून तुम्ही दोन्हीचं एकत्र दुःख केलंत.

मात्र हे लॅक्टोजचं झालं. दुधाच्या प्रोटीनची अॅलर्जी ही वेगळी गोष्ट, त्यात अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात, काहींना दम लागतो, आणि त्यात चमचाभर ताकही चालत नाही, तूपही जपून. तुम्ही लिहिलेल्यात असलं काही दिसत नाही पण डॉक्टरांना स्पष्ट विचारा की दूध कशासाठी बंद केलंय आणि कधी परत बघायचं. लॅक्टोजसाठी असेल तर साजूक तुपाला आताही हरकत नसावी, त्यात लॅक्टोज जवळजवळ नसतंच. पुढच्या टीटीजीनंतर डॉक्टर हो म्हणाले की दुपारी जेवणाबरोबर दोन चमचे दही, तीन दिवस, मग वाटीभर ताक, मग अर्धा कप दूध, असं चढत जायचं. नुसतं रिकाम्या पोटी ग्लासभर दूध पिऊन ‘बघा मला सोसतच नाही’ असा निकाल लावायचा नाही. तशी आपल्यातल्या कितीतरी धडधाकट माणसांनाही मोठेपणी दूध नीट पचत नाही, ती ताकावर सुखाने जगतात.

तोवर कॅल्शियमचं काय? मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलीग्रॅम हवं असं आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचं २०२० चं कोष्टक सांगतं. ग्लासभर दुधातून साधारण अडीचशे मिळतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात १०० ग्रॅम नाचणीत ३६४ मिलीग्रॅम कॅल्शियम आहे, म्हणजे मध्यम दोन भाकऱ्यांत साडेतीनशेच्या आसपास, कागदावर. कागदावर म्हणते कारण नाचणीतलं सगळं अंगी लागत नाही, मोड आणून वाळवून दळली तर जास्त लागतं, आपल्या आज्या नाचणीचं सत्त्व करायच्या त्यात तथ्य होतं. तिळाची चटणी रोज दोन चमचे. शेवग्याचा पाला. पालकावर मात्र भिस्त ठेवू नका, त्यातलं कॅल्शियम शरीराला फारसं मिळत नाही. आणि तुम्ही मासे खाता ना, मग मांदेली काट्यासकट कुरकुरीत, सुकट-जवळ्याची चटणी, हे दुधापेक्षा कमी नाही. नवीन सिलिअॅकमध्ये लोह आणि ड जीवनसत्त्व बहुतेकांचं कमी निघतं, बी-१२ ही कमी निघू शकतं, त्यामुळे हे तपासून डॉक्टर गोळ्या देत असतील तर घ्या, सगळं अन्नातूनच मिळवीन असा हट्ट या वर्षी नको. हाडांची घनता बघणारा डेक्सा स्कॅन लागतो का तेही विचारून ठेवा.

विकतच्या बदामाच्या दुधाबद्दल विचारलंत. चहापुरतं ठीक आहे, पण त्यात प्रोटीन फार थोडं, दुधाची जागा ते घेत नाही. सोयाचं बरं, कॅल्शियम घातलेलं असेल तर. नारळाचं दूध तर आपलंच आहे, कढी करा, खीर करा, पण ते चवीसाठी, कॅल्शियमसाठी नाही. चहा कोरा, गवती चहा आणि आलं घालून, पहिले पंधरा दिवस तोंड वाकडं होतं मग सवय लागते. मला स्वतःला नाही लागली हे कबूल करते.

पोट फुगण्याचं अजून एक साधं कारण, जे लोक सांगत नाहीत. गहू सुटला की सकाळी बेसनाचं धिरडं, दुपारी पिठलं, संध्याकाळी फुटाणे असं सुरू होतं. एवढा हरभरा तर माझंही पोट फुगवेल! मूग वाढवा, हरभरा एका वेळेपुरता ठेवा. आणि ती दीडशे-दोनशे रुपयांची ग्लुटेन फ्री बिस्किटं बहुतेक स्टार्च, साखर आणि तेल असतात, प्रवासात ठीक, रोज नको.

तुमच्या एका दिवसाचं ताट माझ्या मनात असं येतं. सकाळी लोकल पकडायच्या आधी घावन आणि ओल्या नारळाची चटणी, नाहीतर कांदेपोहे शेंगदाणे घालून. डब्यात ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी, पालेभाजी, मुगाची उसळ. पर्समध्ये कायम शेंगदाणे-गूळ, राजगिऱ्याचा लाडू, एक केळं, कारण चर्चगेटला भूक लागली आणि हातात काही नसलं की माणूस वडापावच्या गाडीपाशी जाऊन ‘नुसता वडा खाते’ म्हणतो. वडा बेसनाचाच असतो हो, पण त्याच कढईत समोसा तळलेला असतो. रात्री मऊ भात, आमटी किंवा माशाचं कालवण, भाजी. सोमवारी-गुरुवारी मसूर, वाल, टोफू. उपासाचे पदार्थही तुमच्या कामाचे आहेत, वरीचे तांदूळ, राजगिऱ्याची भाकरी, शिंगाड्याचं पीठ, फक्त साबुदाण्यावर जाऊ नका, तो नुसता स्टार्च. भाताचा वीट आला म्हणजे भात बदला, भाताची जात बदला, आंबेमोहर नाहीतर कोकणातला लाल उकडा तांदूळ आणून बघा.

बाहेर खायचं तर उडुप्याकडे इडली आणि नारळाची चटणी त्यातल्या त्यात बरी, सांबार सोडून द्या हिंगामुळे, आणि चटणीत दही नाही ना हे विचारा. रवा इडली, रवा डोसा अर्थातच नाही, साध्या डोशाच्याही पिठात काहीजण रवा-मैदा ढकलतात. मालवणी हॉटेलात सुरमई फ्राय मागवलीत की ती रव्यात घोळून येते, हे लोकांच्या लक्षातच येत नाही! कालवण आणि भात मागवा, त्यात ना गहू ना दूध, सोलकढीत पण नाही. तळलेलीच हवी असेल तर ‘रवा न लावता, स्वच्छ तव्यावर’ असं आधी, गर्दी नसताना, शांतपणे सांगायचं. वेटरला ग्लुटेन शब्द सांगून उपयोग नाही, तो मान डोलावतो आणि आत काहीच सांगत नाही. गहू, मैदा, रवा, हिंग ही चार नावं घ्या. मी एकदा एका पेशंटबरोबर अशाच एका ठिकाणी बसले होते, ‘मैदा नाही ना?’ तर ‘नाही मॅडम, बिलकुल नाही, फक्त रवा आहे’ असं छातीठोक उत्तर आलं.

गणपतीत सासरी. उकडीचे मोदक तुमचेच आहेत, पण पिठी कुठली ते बघा, घरची पिठी घेऊन जा, आणि पहिला घाणा तुम्ही स्वतः करा, कणीक मळलेल्या हातांनी नको. सारणात तूप असलं तर वर सांगितलं तेच. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा, त्यात दूधही. प्रसाद नाकारायचा नाही म्हणून लोक चमचाभर खातात आणि मग पंधरा दिवस माझ्याकडे येत राहतात. हातात घ्या, कपाळाला लावा, शेजारी बसलेल्या पोराच्या हातावर ठेवा. झालं. ज्येष्ठ कोणी विचारलंच तर ‘डॉक्टरांनी सांगितलंय, खाल्लं की अॅडमिट करावं लागतं’ असं थोडं वाढवून सांगायला मी माझ्या पेशंटना परवानगी दिलेली आहे. खूप आग्रहाचं घर असेल तर वरीचा किंवा तांदळाच्या रव्याचा शिरा डब्यात नेऊन नैवेद्याच्या ताटाशेजारी ठेवा.

हे सगळं कुठून कळलं याची एक गोष्ट आहे, ती मी नव्या पेशंटना नेहमी सांगते. विलेम डिके नावाचे हॉलंडचे मुलांचे डॉक्टर होते, त्यांना या आजारात गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथल्या पश्चिम भागात दुष्काळ पडला, ब्रेड मिळेना, माणसं उपाशी, आणि ही आजारी मुलं मात्र उलट सुधारायला लागली. पुन्हा ब्रेड आला, पुन्हा आजारी. म्हणजे ज्याला आपण अन्न म्हणून पोरांना भरवत होतो तेच. तुमच्या घरात कोणी ‘एवढ्याशाने काय होतं’ म्हणालं तर ही गोष्ट सांगा.

राहता राहिली मुलगी. तिचा गहू बंद करू नका, निदान आत्ता नाही. सख्ख्या नात्यात हा आजार शंभरात सातआठ जणांना निघतो, म्हणून तिची टेस्ट करायचीच, टीटीजी आणि त्याच्यासोबत टोटल आयजीए (रक्तातलं एक प्रतिपिंड), कारण आयजीए मुळातच कमी असेल तर टीटीजी खोटाच नॉर्मल दिसतो. पण ही टेस्ट गहू खात असतानाच करायची असते. आधी गहू बंद केला आणि मग टेस्ट केली तर रिपोर्ट साफ येतो आणि खरं काय ते कळतच नाही, मग पुन्हा काही आठवडे मुद्दाम गहू खाऊ घालून तपासावं लागतं, माझ्याकडे अशी दोन पोरं आली होती, रडत पोळी खाणारी. तुमचे आईवडील आणि भाऊ-बहीण असतील तर त्यांचीही. मुलीची उंची-वजन शाळेच्या कार्डावर लिहिलेलं असेल तर ते कार्ड शोधून ठेवा, डॉक्टर विचारतील, आणि रिपोर्ट येईपर्यंत तिच्या डब्यात पोळीच द्या.